रुपया आणि पौंड : हुंडणावळीचा एक इतिहास

एका देशाचे नाणे दुसऱ्या देशाच्या नाण्यात मोजण्याचा जो दर, त्याला आपल्याकडील जुन्या लेखकांनी हुंडणावळ असे नाव दिले. शब्द हुंडीवरून आलेला आहे. एका पेठेतला पैसा दुसऱ्या पेठेत पोचवण्यासाठी सराफ हुंडी लिहून देई व तीबद्दल काही आकार घेई. तीच मूळची हुंडणावळ. सराफाला हा व्यवहार नवा नव्हता. मराठेशाहीत एकाच बाजारात अनेक टाकसाळींचे रुपये चालत आणि प्रत्येकाचा बट्टा वेगळा असे. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठेशाहीतील नाणी व टाकसाळी यांवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला आहे. नाण्याचे वजन किती, कस किती, आणि दुसऱ्या पेठेत पैशाची ओढ किती, एवढे पाहून सराफ भाव सांगत असे.

परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असा एक काळ आला की, रुपयाचा भाव सराफाच्या हातून निसटला आणि लंडनच्या कचेरीत ठरू लागला. त्या भावाचे चढउतार नुसत्या व्यापाऱ्यांच्या वहीत राहिले नाहीत. ते मिठाच्या पुडीपर्यंत आणि बायकांच्या अंगावरील चांदीपर्यंत जाऊन पोचले. रुपया चढला म्हणजे देश चढला आणि रुपया उतरला म्हणजे देश उतरला, अशी एक समजूत आपल्यात फार खोल रुजली आहे. ती कितपत खरी आहे हे रुपया व पौंड यांच्या इतिहासावरून तपासून पाहावे, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

प्रथम हिशेबाची रीत ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण एका डॉलरला किती रुपये पडतात असे विचारतो. त्या काळी प्रश्न उलटा असे: एका रुपयाला किती पेन्स मिळतात? पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपया २ शिलिंगांचा असेल तर पौंडाला १० रुपये पडत. १ शिलिंग ४ पेन्सांचा, म्हणजे १६ पेन्सांचा असेल तर १५ रुपये. आणि १३ पेन्सांचा झाला तर जवळजवळ साडेअठरा रुपये. पेन्स वाढले की रुपया चढला, घटले की उतरला.

१८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व ब्रिटिश मुलखासाठी एकच रुपया ठरवला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. टाकसाळ सर्वांना खुली होती. कोणीही चांदी घेऊन जावे, थोडी टाकसाळ-पट्टी भरावी आणि रुपये पाडून आणावे. त्यामुळे रुपया म्हणजे शिक्का मारलेली तोळाभर चांदी, याहून निराळे काही नव्हते. इकडे इंग्लंडने १८१६ च्या कायद्याने सोन्याचे नाणे स्वीकारले होते. तेव्हा रुपया आणि पौंड यांचा भाव म्हणजे चांदी आणि सोने यांचा भाव, इतका हा हिशेब सरळ होता. लंडनच्या बाजारात चांदी औंसाला ६० पेन्सांच्या आसपास स्थिर होती, तोवर रुपयाही २ शिलिंगांच्या जरासा खाली स्थिर राहिला.

१८७० नंतर ही घडी विसकटली. फ्रान्सवर विजय मिळवल्यानंतर जर्मनीने सोन्याचे नाणे सुरू केले आणि आपली जुनी चांदी बाजारात आणली. १८७३ साली अमेरिकेने चांदीच्या डॉलरची मुक्त पाडणी बंद केली. फ्रान्स व त्याच्या नाणेसंघातील देशांनी चांदीची पाडणी प्रथम मर्यादित केली व मग थांबवली. नेमक्या याच वर्षांत अमेरिकेतील नेवाडाच्या खाणींतून चांदीचा लोट येत होता. गिऱ्हाईक घटले आणि माल वाढला. मग भाव पडला यात नवल नाही. १८७१-७२ साली सुमारे २३ पेन्स असलेला रुपया १८७९-८० साली २० पेन्सांवर आला, १८९२-९३ साली १५ पेन्सांवर, आणि १८९४-९५ साली १३ पेन्सांच्या घरात.

आता कोणी म्हणेल की, चांदी स्वस्त झाली, रुपया उतरला, त्यात हिंदुस्थानातील शेतकऱ्याचे काय बिघडले? तो रुपयात विकतो, रुपयात घेतो, रुपयात सारा भरतो. हिंदुस्थान स्वतंत्र असता तर हे उत्तर पुष्कळ अंशी खरे ठरले असते. परंतु दरवर्षी या देशाला विलायतेत एक मोठी रक्कम पौंडांत पोचती करावी लागे. तिला होम चार्जेस म्हणत. रेल्वे कंपन्यांना हमी दिलेले व्याज, सरकारी कर्जाचे व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, पलटणीचा खर्च, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, सरकारी सामानाची खरेदी, हे सारे तिच्यात येई. ही रक्कम गोळा करण्याची युक्ती सराफी वळणाचीच होती. भारतमंत्री दर बुधवारी लंडनमध्ये हिंदुस्थान सरकारवरील हुंड्या विकत असे. त्यांना कौन्सिल बिले म्हणत. आपला कापूस, ताग, गहू विकत घेणारा विलायती व्यापारी त्या हुंड्या पौंड देऊन घेई. त्या येथे आल्या की कलकत्त्याच्या किंवा मुंबईच्या खजिन्यातून त्यांचे रुपये मिळत. पौंड लंडनमध्येच राहत आणि रुपये रयतेच्या करातून जात.

रुपया उतरला म्हणजे काय झाले ते एका आकड्यावरून समजेल. १८९२-९३ साली हिंदुस्थान सरकारने सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड विलायतेस पोचते केले. त्यासाठी सुमारे साडेसव्वीस कोटी रुपये लागले. वीस वर्षांपूर्वीच्या, म्हणजे १८७३-७४ च्या दराने तेवढ्याच पौंडांना पावणेअठरा कोटी रुपये पुरले असते. देणे एका पौंडानेही न वाढता एका वर्षात पावणेनऊ कोटी रुपये अधिक गेले.

हे रुपये कोठून आले? ब्रह्मदेशावरील खर्च आणि हुंडणावळीची तूट, यांचे कारण दाखवून जानेवारी १८८८ मध्ये मिठावरील कर मणामागे २ रुपयांचा अडीच रुपये झाला. १८९४ साली आयात मालावर पाच टक्के जकात पुन्हा बसली. त्या जकातीविरुद्ध लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली, तेव्हा १८९६ साली विलायती कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आणली आणि तेवढाच कर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडावर बसवला. गोऱ्या अधिकाऱ्यांना घरी पैसे पाठवताना तोटा होतो म्हणून १८९३ साली त्यांना हुंडणावळीची भरपाई देणारा खास भत्ता मिळाला. रयतेसाठी असा भत्ता कोणी काढला नाही.

मात्र उतरत्या रुपयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. परदेशी माल विकणाऱ्याला प्रत्येक पौंडामागे अधिक रुपये मिळत होते. निर्यात वाढत होती आणि मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनमध्ये खपत होते. यावरून उतरता रुपया ही देशाला मिळालेली देणगीच आहे, असे काही जण म्हणू लागले. या म्हणण्याची झडती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात घेतली. त्यांचा मुद्दा मार्मिक होता. निर्यातदाराचा हा नफा बाहेरच्या कोणी दिलेला नव्हे. नाणे स्वस्त झाले की वस्तूंचे भाव वाढतात, पण मजुरी त्या मानाने वाढत नाही. म्हणजे जो नफा देशाचा म्हणून दाखवला जातो तो देशातल्याच मजुराच्या ताटातून काढलेला असतो. ही कसोटी आम्ही पुढे सर्वत्र लावणार आहोत, कारण ती सरकारला जशी लागू पडते तशी सरकारच्या विरोधकांनाही लागू पडते.

असो. तूट असह्य झाली तेव्हा सरकारने एक धाडसी उपाय केला. २६ जून १८९३ रोजी टाकसाळी चांदीला बंद करण्यात आल्या. तेव्हापासून खाजगी माणसाला चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात. नवे रुपये पाडायचे की नाही हे सरकार ठरवू लागले, आणि सरकारने अनेक वर्षे ते जवळजवळ पाडलेच नाहीत. व्यापार वाढत होता, नाणे वाढत नव्हते. तेव्हा नाण्याला टंचाईची किंमत आली. पहिली दोन वर्षे रुपया पडतच राहिला, पण पुढे चढू लागला आणि १८९८ साली १६ पेन्सांवर येऊन ठेपला. १८९९ च्या कायद्याने इंग्लंडचा सॉव्हरिन १५ रुपयांच्या भावाने येथे कायदेशीर झाला, आणि रुपया १ शिलिंग ४ पेन्सांचा ही गोष्ट पक्की झाली. आता रुपयाचे मोल त्यातल्या चांदीत नव्हते, सरकारच्या शिक्क्यात होते. त्या शतकाच्या अखेरीस सोळा आण्यांच्या रुपयात जेमतेम दहा आण्यांची चांदी होती.

या सहा आण्यांच्या फरकात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. शेतकऱ्याची शिल्लक बँकेत नसे, ती बायकोच्या अंगावर असे. तोडे, वाळे, गोठ, सरी ही चांदीच्या रूपाने ठेवलेली पुंजी होती. टाकसाळ खुली असताना चांगल्या कसाची तोळाभर चांदी म्हणजे जवळपास एक रुपया. टाकसाळ बंद झाल्यावर रुपया चढला आणि चांदी मात्र पडतच गेली. यानंतर तीनच वर्षांनी १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्यामागोमाग १८९९-१९०० चा. दागिने मोडण्याची पाळी आली तेव्हा तोळ्याला दहा-अकरा आणे हाती पडू लागले. सारा आणि सावकाराचे देणे मात्र त्याच महागलेल्या रुपयात भरायचे होते. रुपया चढला होता, पण रुपयाने देणे असलेला माणूस बुडत होता. गिरण्यांनाही धक्का बसला. चीन अजून चांदीवर होता. रुपया चांदीपासून तुटून वर गेल्यामुळे मुंबईचे सूत चिनी गिऱ्हाइकाला महाग पडू लागले.

सरकारच्या तिजोरीत मात्र शिल्लक पडू लागली. या शिलकेचे रहस्य २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात नामदार गोखल्यांनी उलगडून दाखवले. त्यांचे हे अंदाजपत्रकावरील पहिलेच भाषण. त्यांनी दाखवले की, रुपया १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर गेल्यामुळे केवळ होम चार्जेसमध्ये सरकारचे वर्षाला चार ते पाच कोटी रुपये वाचतात. रुपया उतरला म्हणून जे कर वाढवले, ते रुपया चढल्यावर कमी झाले पाहिजेत. ते तसेच ठेवून जी शिल्लक दिसते ती भरभराटीची खूण नव्हे, रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्याची खूण आहे. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, मिठावरील कर अडीच रुपयांवरून २ रुपयांवर आला, आणि १९०७ पर्यंत तो १ रुपयावर उतरला. हुंडणावळीचा प्रश्न मिठाच्या पुडीत कसा असतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडले असेल.

पहिल्या महायुद्धात साराच प्रकार उलटा झाला. आपला माल परदेशी खपत होता, मोबदल्यात सोने-चांदी येत नव्हती, आणि रुपयांची मागणी वाढत होती. त्यातच चांदी भडकली. चांदी औंसाला ४३ पेन्सांच्या वर गेली की १६ पेन्सांचा रुपया वितळवून विकण्यातच फायदा होता. १९१७ साली सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. १९१८ साली अमेरिकेकडून २० कोटी औंस चांदी मिळवली. आणि चांदीबरोबर रुपयाचा भावही वाढवत नेला. १९१७ च्या ऑगस्टमध्ये १७ पेन्स, आणि १९१९ च्या डिसेंबरात २८ पेन्स.

१९२० च्या आरंभी बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या हिशेबाने रुपया कायमचा २ शिलिंगांचा करावा अशी शिफारस केली. समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी भिन्न मतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्स हाच दर राखावा असे बजावले. त्यांचे ऐकले गेले नाही. चांदी लवकरच कोसळली, निर्यात मंदावली, आणि उंच धरलेला रुपया सावरण्यासाठी सरकारने लंडनमधील गंगाजळीतून सुमारे साडेपाच कोटी पौंड विकले. जे पौंड १५ रुपये दराने साठले होते ते ७ ते १० रुपयांच्या आसपास देऊन टाकले. ज्यांना ते मिळाले त्यांची चंगळ झाली. सप्टेंबर १९२० मध्ये ही विक्री थांबली आणि १९२१ साली रुपया १६ पेन्सांच्याही खाली गेला. २ शिलिंगांच्या भरवशावर ज्या व्यापाऱ्यांनी विलायती मालाच्या मागण्या नोंदवल्या होत्या, त्यांच्यावर पौंडाला १० ऐवजी १५-१६ रुपये मोजण्याची वेळ आली. कित्येक पेढ्या संकटात सापडल्या. रुपया इतका उंच यापूर्वी कधी गेला नव्हता, आणि त्या उंचीने देशाचे नुकसानच झाले.

यानंतरचा झगडा म्हणजे १६ पेन्स की १८ पेन्स. १९२६ साली हिल्टन यंग कमिशनने १ शिलिंग ६ पेन्स हा दर सुचवला. मुंबईचे कापसाचे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी कमिशनमध्ये राहून त्याविरुद्ध मत नोंदवले. दोन पेन्सांचा हा वाद श्रोत्यांना क्षुल्लक वाटेल. म्हणून खानदेशचा किंवा वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात १०० पौंडांना विकला असे धरा. १६ पेन्सांच्या दराने त्याचे १,५०० रुपये होत. १८ पेन्सांच्या दराने १,३३३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणजे १६६ रुपये १० आणे ८ पै कमी. पण तीस-तीस वर्षांच्या मुदतीने ठरलेला सारा तेवढाच, आणि सावकाराचे देणेही तेवढेच. उलट विलायती कापड त्याच प्रमाणात स्वस्त. सरकारचे म्हणणे असे की, भाव आणि मजुरी १८ पेन्सांशी जुळून गेलेली आहेत, आता दर पाडला तर महागाई होईल व पगारदार-मजुराला ती जाचेल. या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. आंबेडकरांची कसोटी येथेही लावली पाहिजे. पण सरकारचे होम चार्जेस १८ पेन्सांनी हलके होत होते, हेही विसरून चालणार नाही. मार्च १९२७ मध्ये थोड्याशा मतांच्या फरकाने १८ पेन्सांचा कायदा झाला. येथे एक गोष्ट नोंदवून ठेवावी. त्या वेळी राष्ट्रीय पक्षाचे पुढारी रुपया स्वस्त करा असे म्हणत होते आणि परके सरकार तो महाग ठेवू पाहत होते.

पुढे मंदी आली. शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर घसरले, आणि १८ पेन्स टिकवण्यासाठी सरकार चलन आखडून घेत होते. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सोने सोडले; रुपया मात्र पौंडालाच १८ पेन्सांनी बांधलेला राहिला. सोन्याचा रुपयातील भाव वर गेला आणि खेडोपाडीचे सोने बाहेर निघाले. त्या दशकात तीनशे कोटी रुपयांहून अधिक सोने देशाबाहेर गेले. कोणी ते नफ्यासाठी विकले हे खरे, पण पुष्कळांनी सारा आणि व्याज भरण्यासाठी विकले. चाळीस वर्षांपूर्वी चांदीची जी गत झाली होती तिची आठवण यावी अशीच ही गोष्ट होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर दर ठरवणारे आपणच झालो. तरीही १८ पेन्सांचा, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पैचा दर १९६६ पर्यंत हलला नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले तेव्हा त्याच्याबरोबर रुपयाही उतरला, आणि डॉलरला ३ रुपये ३१ पैशांच्या जागी ४ रुपये ७६ पैसे पडू लागले. पाकिस्तानने आपला रुपया उतरवला नाही. त्यामुळे तेथील १०० रुपयांना आपले १४४ मोजावे लागणार, या वादात तागाचा व्यापार अडकून पडला. ६ जून १९६६ रोजी मात्र आपण स्वतः अवमूल्यन केले. डॉलर साडेसात रुपयांचा झाला आणि पौंड २१ रुपयांचा. देशभर संताप उसळला, अब्रू गेली असे लोक म्हणाले. ज्या मागणीसाठी १९२७ साली देशभक्तांनी मते दिली, तीच गोष्ट चाळीस वर्षांनी लाजिरवाणी ठरली. १९६७ साली पौंड पुन्हा उतरला. या वेळी रुपया त्याच्या मागे गेला नाही. १९७५ साली पौंडाशी असलेली गाठ सुटली. १९९१ च्या जुलैमध्ये परकी चलनाच्या टंचाईपायी आणखी एक अवमूल्यन झाले, आणि १९९३ पासून दर बाजारात ठरू लागला; रिझर्व्ह बँक त्यावर नजर ठेवून असते.

या सगळ्या कथेतून काय निघते? हुंडणावळ हलवणारी कारणे काळाप्रमाणे बदलली आहेत. आरंभी नाण्यातला धातू तिला हलवीत होता, मग टाकसाळीचे दार, मग कायदेमंडळातील मते, आणि पुढे व्यापारातील देणेघेणे. पण दर हलला की कोणाचे ओझे कोणाच्या खांद्यावर जाते, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी तोच राहिला. १८९४ साली रुपया तळाला होता, तेव्हा मीठ महाग होते. १८९९ साली तो चढलेला होता, तेव्हा दागिने मातीमोल झाले होते. १९२० साली तो शिखरावर होता आणि पेढ्या बुडत होत्या. चढ किंवा उतार यांपैकी कशातच मुळात पुण्य नाही की पाप नाही.

तेव्हा रुपयाचा भाव वर्तमानपत्रात वाचताना अभिमानाने छाती फुगवण्याचे किंवा लाजेने मान खाली घालण्याचे कारण नाही. त्याऐवजी दोन साधे प्रश्न विचारावेत. देणे कोणाचे आणि कोणत्या नाण्यात आहे? आणि दर बदलल्यावर ज्याची मिळकत घटते, त्याला तो दर ठरवताना कोणी विचारले होते काय? गोखल्यांनी १९०२ साली हाच प्रश्न मिठाच्या निमित्ताने विचारला, आणि सरकारला त्याचे उत्तर करात कपात करून द्यावे लागले. परक्या राजवटीत ते विचारण्याचे धैर्य एका माणसाने दाखवले. लोकशाहीत ते विचारणे हे प्रत्येक नागरिकाचे काम आहे.